सहावी नळी

"बोल ना रे. किती?" माइतेने विचारलं.

माइतेच्या विहिरीत सोडलेली पोलादी फीत वर्लिन स्ट्राउडने गुंडाळत वर घेतली होती. तिच्या शेवटच्या काही फुटांना त्याने निळा खडू फासला होता आणि जेवढी फीत पाण्यात बुडाली तेवढा खडू भिजून गडद झाला होता. त्या ओल्या रेषेवर अंगठ्याचं नख ठेवून तो आकडा परत परत वाचत राहिला. वाचून वाचून आकडा बदलत असता तर मग काय हवं होतं.

"एकशे एकाहत्तर फूट," तो शेवटी म्हणाला.

गॅस कंपनीचा ट्रेंट गाडीत हीटर लावून बसला होता. काच चार बोटं खाली करून त्याने आकडा लिहून घेतला. मुलगा वाईट नव्हता. फक्त ऑक्टोबरच्या वाऱ्यात उतरायला तो तयार नसे, आणि वर्लिन मोजत असताना उतरायची गरजही नसे. पावडर नदीच्या त्या सगळ्या उजाड मुलखात वर्लिनने सांगितलेला आकडा कुणी दुसऱ्यांदा मोजून बघत नसे. चाळीस वर्षं तो लोकांच्या पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करत आला होता. करार झाला तेव्हा कंपनी म्हणाली, आमचा माणूस मोजेल. रँचवाले म्हणाले, आमचा. शेवटी दोघांनाही चालेल असं एकच नाव निघालं.

"तीन वर्षांपूर्वीचा तुमचाच आकडा एकशे सत्तेचाळीस," ट्रेंट कागदातून म्हणाला. "म्हणजे पाणी चोवीस फूट उतरलं. करारात तीस आहे, बाई. तीस फूट उतरलं तर कंपनी नवी विहीर खणून देणार. इथं सहा कमी पडतात."

"सहा फूट," माइते म्हणाली. "मेंढ्यांना सांगते तसं. म्हणावं, सहा फूट थांबा."

"उद्या दुसरी मोजणी आहे ना. लागोपाठ दोन दिवस मोजायचं, नियमच आहे तो. तोवर पवनचक्की बांधलेलीच ठेवा."

"बांधू नाहीतर सोडू, काय फरक पडतो? नुसती हवा ओकतेय ती."

ते खरं होतं. पंपाचं टोक एकशे अडुसष्ट फुटांवर होतं, म्हणजे पाण्याच्याही वर. आणखी एक नळी जोडून खाली न्यावं तर भोकच एकशे ऐंशीवर संपत होतं आणि तळाला चिखल होता. टेकडीपलीकडे मात्र कंपनीच्या पंपांतून रात्रंदिवस पाणी चाललं होतं. कोळशाच्या थरातलं पाणी उपसलं की त्याखाली दबलेला गॅस सुटतो, म्हणून ते पाणी नुसतं उपसून ओढ्यात सोडून द्यायचं. खारट. त्यावर गवतही धड उगवत नव्हतं. जमीन माइतेची होती, पण जमिनीखालचा गॅस तिचा नव्हता. तिच्या सासऱ्याने ही जमीन घेतली तेव्हापासूनच तो दुसऱ्याच्या नावावर होता, आणि तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं.

ट्रेंट गेला. वर्लिनने फीत तेलाच्या फडक्यातून ओढत पुसली आणि गुंडाळून ठेवली. न पुसता गुंडाळली की फीत गंजते आणि गंजली की आकडे जातात. चाळीस वर्षांत तो एकदाही न पुसता घरी गेला नव्हता.

"जेवून जा," माइते म्हणाली.

"नको, मला जरा—"

"मेंढीचं मटण केलंय. मी एकटी किती खाणार? हात धू."

माइते एचेपारला सत्तरावं लागलं होतं. बास्क मेंढपाळांच्या घराण्यातली बाई, हट्टी. बेन्यात हा तिचा नवरा; तो वारल्यावर दोन्ही मुलींनी शहरात ये म्हणून जीव खाल्ला, पण ही हलली नाही. टेबलावर शिजवलेला लाल राजमा, लसूण घातलेलं मटण, जाड पाव आणि काचेच्या साध्या पेल्यात लाल वाइन. बेन्यातची खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवलेली होती.

"मंगळवारी कळप डोंगरावरून उतरतोय," ती म्हणाली. "नऊशे मेंढ्या. ट्रकवाल्याला सांगितलंय, शनिवारपर्यंत फोन करते. पाणी नसेल तर इकडे यायचंच नाही, तसंच लिलावात न्यायचं."

"सगळ्या?"

"मग काय निवडून निवडून तहानलेल्या ठेवू?" तिने पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "बेन्यातच्या बापाने नव्वद मेंढ्यांवर सुरुवात केली होती. पायी आला होता तो, ठाऊक आहे ना तुला? जाऊ दे. तू असं तोंड का करून बसलायस? तुझ्यावर नाही रागावले मी. तू एकशे सत्तेचाळीस म्हणालास म्हणजे एकशे सत्तेचाळीसच असणार. दुसऱ्या कुणी मोजलं असतं तर मी भांडले असते."

वर्लिनने पेला उचलून वाइन संपवली.

तीन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल त्याला स्वच्छ आठवत होता. विहीर मोजायची तर चक्की आदल्या दिवशी बांधून ठेवायची, म्हणजे उपसा थांबतो आणि पाणी आपल्या मूळच्या जागी चढून बसतं. हे त्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. पण तो इथं आला तेव्हा चक्की गरगर फिरत होती. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, टाकी तळाला गेली होती आणि माइते कोकरांच्या शेडमध्ये कोपरापर्यंत हात भरून बसलेली. बेन्यात आजारी, काठी टेकत बाहेर आला. म्हणाला, "आज बांधलीस तर या रात्रीत माझ्या बाळंतिणी तहानेने जातील. राहू दे चालू." वर्लिन म्हणाला, "बरं, आज असंच मोजतो, पुढच्या आठवड्यात परत येतो." चालू चक्कीत पाणी खेचलं जाऊन खाली गेलेलं असतं. तेव्हा आकडा मिळाला एकशे सत्तेचाळीस. खरं पाणी त्याहून पुष्कळ वर असणार, हे त्याला माहीत होतं. म्हणजे आजवर ते चोवीस फुटांहून कितीतरी जास्त उतरलं होतं.

पुढच्या आठवड्यात बर्फाचं वादळ आलं. मग कागद द्यायची तारीख आली. मग बेन्यात वारला. आणि वर्लिन विसरला. माणूस विसरतो तसा विसरला.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण फॉर्मवर एक प्रश्न होता, मोजण्यापूर्वी पंप निदान एक दिवस बंद होता काय, आणि त्यापुढे हो-नाहीचे दोन चौकोन. वर्लिनला कागदांचा कंटाळा. मोजण्या सुरू करायच्या आधीच स्वयंपाकघरात बसून त्याने सव्वीस विहिरींच्या सव्वीसच्या सव्वीस फॉर्मांवर 'हो'ची खूण करून ठेवली होती. बंदच असणार होते की पंप. मग रोज गारठलेल्या बोटांनी त्या खुणा कोण करत बसणार? पंचवीस ठिकाणी चक्की खरोखरच बांधलेली होती. हे सव्वीसावं.

"आणखी घे," माइते म्हणाली.

"पुरे झालं," तो म्हणाला आणि उठला.

रस्त्याच्या फाटकाशी हॉब क्रेनमर गाडी आडवी लावून उभाच होता. शेजारची रँच त्याची, घोडे आणि गाई. त्याची विहीरही उतरत चालली होती आणि त्याची मोजणी डिसेंबरात व्हायची होती.

"किती आलं?"

"सहा कमी."

हॉबने टोपी मागे सारली. "मग सातने वाढवून सांग उद्या. एकशे अठ्ठ्याहत्तर. तो पोरगा गाडीतून उतरतो तरी का? बाईला विहीर मिळेल, कंपनीच्या बापाचं काय जातंय?"

"हॉब, माझाच आकडा चुकीचा आहे. पहिला." आणि वर्लिनने त्याला चक्की, बेन्यात, खुणा, सगळं सांगून टाकलं. सांगताना तो हॉबकडे बघत नव्हता, फाटकाच्या कडीकडे बघत होता.

हॉबने टोपी परत पुढे ओढली. मग म्हणाला, "माझ्या फॉर्मवर पण आधीच खूण केलेली होती?"

"तुझी चक्की बांधलेली होती. तूच बांधली होतीस."

"ते मला माहीत, तुला माहीत. त्यांच्या वकिलाला कोण सांगणार? तो म्हणेल, एक खोटी, मग बाकीच्या कशावरून खऱ्या?" हॉबचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हे बघ, तू हे कुणापाशी बोलायचं नाहीस. सात फूट वाढव, तिचं काम होतं, आमचं राहतं. तू शहाणा असशील तर एवढं करशील."

"आणि न केलं तर?"

"तर माझ्या घोड्यांच्या तोंडचं पाणी तू काढलंस असं मी समजेन. आपली तीस वर्षांची ओळख आहे, म्हणून आधीच सांगतोय." तो गाडीत बसला आणि निघून गेला.

हॉबचं म्हणणं वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. संध्याकाळभर वर्लिन आपल्या शेडमध्ये नुसताच वस्तू इकडच्या तिकडे करत राहिला. सात फूट. तोंडातून एक शब्द काढायचा आणि सगळे सुखी. पहिली चूक तरी नकळत झाली होती, आळसाने. ही मात्र त्याला फीत हातात धरून, रेषेवर नख ठेवून करावी लागणार होती. माइते शेजारी उभी राहून "किती रे?" विचारणार आणि तो तिच्याकडे बघून सांगणार. ते आपल्याच्याने होणार नाही हे त्याला कळलं, आणि कळल्यावर त्याला स्वतःचा रागच आला. एवढा साधुपणा तीन वर्षांपूर्वी कुठं गेला होता?

पण नुसतं खरं बोलूनही भागणार नव्हतं. पहिला आकडा रद्द झाला की माइतेच्या हाती काहीच उरत नव्हतं. पाणी पूर्वी कुठं होतं हे आता कोण सांगणार? बेन्यात तर गेला. शेडच्या भिंतीशी कुठल्याशा जुन्या विहिरीतून काढलेल्या नळ्या उभ्या होत्या. त्याने हजारो नळ्या उपसल्या होत्या, त्यामुळे बघूनही न बघितल्यासारखं होत असे. आज तो थांबला आणि एका नळीवरून त्याने हात फिरवला. वरचा भाग कोरडा, लाल गंजाचा. आणि एका ठिकाणापासून खाली पांढरी खरखरीत खपली, केटलीच्या तळाला धरते तशी.

तो खाली वाकून ट्रकच्या टायरची हवा बघायला लागला.

सकाळी नळ्या उपसायची लोखंडी तिवई आणि कप्पी लादलेला त्याचा जुना ट्रक घरघरत येताना बघून माइते दारात आली.

"हे धूड कशाला आणलंस?"

"सांगतो. तो येऊ दे."

ट्रेंट आला, काच चार बोटं खाली झाली. वर्लिनने फीत सोडली, वर घेतली, वाचली. "एकशे एकाहत्तर."

"कालचाच," ट्रेंट म्हणाला आणि लिहिलं. "वाईट वाटतं, बाई. खरंच."

"ट्रेंट, खाली उतर," वर्लिन म्हणाला. "थंडी वाजेल, पण उतर."

मग त्याने सांगितलं. काल हॉबला सांगितलं होतं तेच, पण आज तो माइतेकडे बघून बोलला. माइतेचा चेहरा हलला नाही. फक्त अंगावरची शाल तिने दोन्ही मुठींत घट्ट धरली.

"बेन्यातला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"चक्की चालू ठेव, हे त्यानेच सांगितलं. मेंढ्यांसाठी. पण त्याला फॉर्मचं काही ठाऊक नव्हतं. ती खूण माझी एकट्याची."

"आणि काल माझ्या घरात जेवलास."

"हो."

ट्रेंट टोपी काढून डोकं खाजवत होता. "तुम्हाला कळतंय ना काय बोलताय ते? आधीची मोजणीच बाद होते. बाईंना काही म्हणजे काहीच मिळणार नाही. आणि बाकीचे पंचवीस फॉर्म—"

"म्हणून तर हे धूड आणलंय," वर्लिन म्हणाला. "माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. नळ्या बाहेर काढतो. कंपनीचे पंप सुरू होईपर्यंत चाळीस वर्षं त्या जिथं पाण्यात उभ्या होत्या, तिथून खाली खपली धरलेली असणार. तू स्वतः बघ, स्वतः मोज."

सदुसष्ट वर्षांच्या माणसाने एकट्याने करायचं ते काम नव्हे. आधी आतल्या सळया काढल्या, मग नळ्या. तार आवळायची, नळी वर खेचायची, खालच्या नळीला चिमटा लावायचा, दोन पान्यांनी आटा सोडवायचा आणि नळी गवतावर नेऊन ठेवायची. दुसऱ्या नळीच्या वेळी ट्रेंटने कुणी न सांगता हातमोजे चढवले आणि दुसरा पाना धरला. प्रत्येक नळी एकवीस फुटांची. पहिली कोरडी, लाल. दुसरी तशीच. तिसरी. चौथीचा आटा सुटेना, तेव्हा वर्लिनने पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून सगळं वजन टाकलं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून माइते पायरीवरून उठली आणि परत बसली. पाचवीही कोरडी निघाली.

वर्लिनने तार पुन्हा आवळली. माझाच आकडा बरोबर असेल तर? एकशे सत्तेचाळीस म्हणजे थेट सातव्या नळीचं खालचं टोक. मग माइते गेली, आपण गेलो, पंचवीसजणही गेले, आणि सगळं फुकट.

सहावी वर आली. जोडापासून तीन फूट खाली लाल गंज एकदम संपला होता आणि तिथून पांढरी खपली सुरू होत होती. रेघ अशी सरळ होती की कुणी ब्रशने मारावी.

ट्रेंटने खिशातला टेप काढून मोजलं. पाच नळ्यांचे एकशे पाच, वर तीन. त्याने रेघेचे फोटो काढले, जवळून, लांबून, टेप लावून. मग कागदावर हिशेब मांडून तो म्हणाला, "एकशे आठवरून एकशे एकाहत्तर. त्रेसष्ट फूट उतरलंय, बाई. हे त्यांना मानावंच लागेल. नवी विहीर होईपर्यंत टँकरही पाठवावा लागेल, करारात आहे ते."

"मंगळवारच्या आत," माइते म्हणाली.

"मंगळवारच्या आत."

वर्लिन सातवी नळी सोडवायला वाकला. "बाकीच्यांच्याही अशाच काढून दाखवीन मी," तो म्हणाला. "एकेक करून. हॉबपासून सुरू करतो."

ट्रेंट हातमोजे काढत होता. "नाही, वर्लिन. नळ्या काढाव्या लागतील, पण त्या तुम्ही नाही काढायच्या. शहरातून दुसरा कुणीतरी येईल." त्याने खाली बघितलं. "आता तुम्ही असलात तर त्यांचंच नुकसान होईल."

"बरोबर आहे," वर्लिन म्हणाला. बरोबरच होतं ते. पण ऐकताना त्याला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

"आणि आजचा आकडा. तो मी तुमच्या सांगण्यावरून लिहिला होता. तसा नाही चालणार आता." ट्रेंटने हात पुढे केला. "फीत द्या."

वर्लिनने फीत दिली. खडूही दिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो मुलगा विहिरीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला. त्याने खडू जास्तच फासला, फीत भरभर सोडली, ती मध्येच अडकली, परत ओढली. हळू सोड, एवढे दोन शब्द वर्लिनच्या ओठांवर आले होते. त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले आणि बांधलेल्या चक्कीच्या पात्यांकडे बघत उभा राहिला.

फीत वर आली. ट्रेंटने ओल्या रेषेशी डोळे नेऊन वाचलं.

"एकशे एकाहत्तर," तो म्हणाला.

ट्रेंटने फीत तशीच ओली गुंडाळून वर्लिनच्या ट्रकवर ठेवली, हात मिळवला आणि गेला. धूळ खाली बसली. लांब रस्त्यावर हॉबची गाडी उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. तीही वळली आणि गेली.

वर्लिन ट्रकच्या फळीवर बसला. त्याने तेलाचं फडकं काढलं, फीत पुन्हा उलगडायला लागला. मागून पावलं वाजली, पण तो वळला नाही.

"मला राग आलाय तुझा," माइते म्हणाली. "खूप राग आलाय."

"यायलाच हवा."

"उगाच हो ला हो म्हणू नकोस." तिने फितीकडे बघितलं. "आता याचं काय करणार तू? मोजायला तर कुणी बोलावणार नाही."

"न पुसता ठेवली तर गंजेल," तो म्हणाला.

माइतेने शालीची गाठ मारली, फितीचं टोक त्याच्या हातातून घेतलं आणि अंगणातून मागे मागे चालायला लागली. नळ्यांच्या रांगेवरून, कोरड्या टाकीजवळून, कोकरांच्या शेडपर्यंत. फीत ताणली गेली तेव्हा ती थांबली. वर्लिन दुसऱ्या टोकापासून एकेक फूट पुसत तिच्याकडे निघाला.